बंडूचे नाक आणि ऊन

आमच्या कुत्र्याचे, म्हणजे बंडूचे, नाक हा आमच्या परिसरात गेली काही वर्षे चर्चेचा विषय झाला आहे. टेकडीवर कुत्री फिरवायला येणारी मंडळी आधी त्याच्या नाकाची चौकशी करतात आणि मग माझी. अलीकडे या चौकशीचा सूर बदलला आहे. कोणाच्या लॅब्रॅडॉरच्या नाकावर खपली धरली आहे, कोणाच्या हस्कीचे नाक गुलाबी पडत चालले आहे, आणि तुम्ही बंडूला कोणते मलम लावता ते सांगा म्हणजे आम्हीही तेच आणतो, असा आग्रह होतो. मलमाचे नाव सांगायला अर्धे मिनिट पुरते. पण ते सांगण्याआधी जे सांगायला हवे त्याला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात कुत्री पट्टे ओढू लागतात. म्हणून ते सगळे येथे सविस्तर लिहीत आहे.

बंडूची आई अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, होती; वडिलांविषयी खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही. त्याला जो आजार आहे त्याचे नाव डिस्कॉइड ल्यूपस एरिथेमॅटोसस. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करते अशा आजारांपैकी हा एक असून कुत्र्यांमध्ये त्याचे वर्णन प्रथम १९७९ साली प्रसिद्ध झाले. जर्मन शेफर्ड, कोली, शेटलंड शीपडॉग आणि सायबेरियन हस्की या जातींत, तसेच त्यांच्या संकरांत तो तुलनेने अधिक आढळतो. माणसांना होणाऱ्या ल्यूपसमध्ये मूत्रपिंडे, सांधे, रक्त अशा अनेक ठिकाणी इजा होऊ शकते आणि कुत्र्यांमध्येही तसा सर्वांगीण प्रकार आहे. परंतु डिस्कॉइड प्रकार बहुधा त्वचेपुरता आणि त्यातही मुख्यतः नाकापुरता राहतो. बंडूच्या डॉक्टरांनी हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण तोवर माझ्या पत्नीने मोबाइलवर ‘ल्यूपस’ शोधून घरातील सर्वांची झोप उडवली होती.

निरोगी कुत्र्याच्या नाकाचा काळा भाग नीट पाहिला, तर तो जुन्या वाड्याच्या फरसबंदी अंगणासारखा दिसतो. लहान लहान बहुकोनी उंचवटे आणि त्यांच्यामधून गेलेल्या बारीक भेगा अशी ही रचना असते. तेथे केस नाहीत, तैलग्रंथी नाहीत. ओलावा येतो तो नाकाच्या आतील ग्रंथींच्या स्रावामुळे आणि सतत फिरणाऱ्या जिभेमुळे. ही नक्षी प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते, म्हणून कॅनेडियन केनेल क्लब १९३८ पासून नाकाचा ठसा ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारत आला आहे. ल्यूपसची पहिली खूण ही नक्षी पुसट होणे हीच असते. बंडूच्या बाबतीत उजव्या नाकपुडीच्या वरच्या कडेला नखाएवढी जागा आधी गुळगुळीत झाली, मग तिचा काळा रंग पाटीच्या दगडासारखा करडा-निळसर झाला, त्यानंतर ती गुलाबी दिसू लागली आणि तिच्यावर पातळ खपली धरली. खपली निघाली की खालून ओलसर लाल त्वचा दिसे, आणि तो जमिनीवर नाक घासून ती पुन्हा पुन्हा काढत असे.

रंग का उडतो हे कळल्यावर आजार बराचसा उलगडतो. त्वचेच्या वरच्या थराचा सर्वांत खालचा पेशींचा पदर आणि त्याखालची अंतस्त्वचा यांच्या सीमेवर हा संघर्ष चालतो. नाकाला काळेपणा देणारे मेलॅनिन त्या खालच्या पदरातील पेशींत साठवलेले असते. पांढऱ्या पेशी तेथे जमून त्या पेशींना मारू लागल्या, की मेलॅनिनचे कण निसटून अंतस्त्वचेत पडतात आणि तेथील भक्षक पेशी ते गिळतात. रंग खाली गेल्यामुळे वरून पाहताना तो आधी निळसर करडा दिसतो, आणि वरचा पदर रिकामा झाला की गुलाबी. उन्हातील अतिनील किरण या प्रक्रियेला चालना देतात. त्या किरणांनी इजा झालेल्या पेशींच्या आत एरवी दडलेली प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि प्रतिकारयंत्रणेला लक्ष्य सापडते. नाक हा तर कुत्र्याच्या शरीराचा सर्वांत पुढे असलेला, केसांचे संरक्षण नसलेला आणि वरून ऊन झेलणारा भाग. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की या आजारात औषधाइतकेच, किंबहुना काही महिने औषधाहून अधिक, महत्त्व उन्हाच्या नियोजनाला आहे. मात्र ते नियोजन लागू पडण्यासाठी आधी निदान बिनचूक असले पाहिजे.

निदानाची पंचाईत अशी, की नाकावर खपली आणि रंग उडणे ही लक्षणे अनेक आजारांत सारखीच दिसतात. नाक केवळ फिके पडले असेल, नक्षी शाबूत असेल, खपली आणि जखम नसेल, तर तो कोड किंवा थंडीच्या दिवसांत काही जातींमध्ये येणारा फिकटपणा असू शकतो आणि त्याला औषध लागत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या नाकावर कोरडे, जाड, काट्यांसारखे थर साठतात तो प्रकार निराळा. लॅब्रॅडॉरमध्ये तर तसलाच एक आनुवंशिक दोष तरुणपणीच दिसू लागतो. पेम्फिगस फोलिएशियस हाही प्रतिकारयंत्रणेचाच आजार आहे, परंतु त्यात आधी पूने भरलेले फोड येतात, ते पटकन फुटून पिवळसर खपल्या धरतात आणि त्या बहुधा नाकाच्या केसाळ दांड्यावर, कानांवर आणि पंजांच्या गाद्यांवरही दिसतात. म्हणून नाकाची तक्रार घेऊन जाताना कुत्र्याचे चारही पंजे उलटून पाहून जावे, असे मी सर्वांना सांगतो. जिवाणूंच्या संसर्गामुळे ओठांच्या कडा आणि नाकपुड्या सोलवटतात तो प्रकार जर्मन शेफर्डमध्ये विशेष आढळतो आणि तो ल्यूपसची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होऊ शकते.

दोन परिस्थितींत मात्र थांबू नये. नाकाचा रंग उडण्याबरोबर डोळे लाल झाले असतील, कुत्रा उजेडाला डोळे मिटत असेल किंवा वस्तूंना अडखळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हस्की आणि अकिता या जातींत प्रतिकारयंत्रणा डोळ्यांतील आणि त्वचेतील रंगपेशींवर एकाच वेळी हल्ला करते आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाते. पुण्यात हस्की पाळण्याची जी हौस वाढली आहे ती पाहता हे ठळकपणे सांगणे भाग आहे. (त्या केसाळ प्राण्याला आपल्या उन्हाळ्यात ठेवणे योग्य आहे का, हा प्रश्न मी येथे विचारत नाही.) दुसरे म्हणजे नाकाच्या पृष्ठभागातून नव्हे तर आतून रक्त येत असेल, तर आपल्याकडे पहिला संशय गोचीडतापाचा घ्यावा लागतो, कारण त्यात रक्तातील प्लेटलेट घटतात. ते काम मलमाचे नव्हे.

आम्ही प्रथम ज्या दवाखान्यात गेलो तेथे या सगळ्याची चर्चा न होता ‘ॲलर्जी आहे’ एवढे सांगून स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले. नाक झपाट्याने सुधारले, आम्ही खूष झालो आणि काही आठवड्यांत खपली पूर्वीपेक्षा मोठी होऊन परत आली. स्टिरॉइड वाईट औषध नाही. अनेक कुत्र्यांचा जीव त्याने वाचतो. परंतु निदानाआधी दिलेले स्टिरॉइड पुरावा पुसून टाकते. नंतर ज्या त्वचातज्ज्ञ पशुवैद्यांकडे आम्ही गेलो, त्यांनी सांगितले की दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दिलेले असेल तर बायोप्सीसाठी सहा ते आठ आठवडे थांबणे बरे, नाही तर अहवाल ना धड होकारार्थी येईल ना नकारार्थी. तो काळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी बंडूला सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक सुरू केले. केवळ संसर्ग असेल तर तीन-चार आठवड्यांत नाक भरून येईल आणि बायोप्सीची गरजच राहणार नाही; ल्यूपस असेल तर निदान वरचा संसर्ग निवळून खालचे चित्र स्वच्छ दिसेल, असा त्यामागचा विचार होता. बंडूच्या खपल्या कमी झाल्या, ओलेपणा गेला, पण करडा-गुलाबी पट्टा जागचा हलला नाही.

त्या दरम्यान रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या झाल्या. रक्तपेशी, प्लेटलेट, मूत्रपिंडाचे कार्य आणि लघवीतून प्रथिने जातात का हे पाहिले गेले. सर्वांगीण ल्यूपस नाही याची खात्री करण्यासाठी हे लागते. अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडीची (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध बनणाऱ्या प्रतिद्रव्यांची) जी चाचणी माणसांत गाजलेली आहे ती डिस्कॉइड प्रकारात बहुधा नकारार्थीच येते, तेव्हा केवळ तिच्या आधारे ‘ल्यूपस नाही’ असे कोणी म्हटले तर ते पटवून घेऊ नये.

बायोप्सीची भीती सर्वांना वाटते, आणि नाकाचा तुकडा काढणार म्हटल्यावर ती वाटणे स्वाभाविक आहे. नाक हा कुत्र्याचा अत्यंत संवेदनशील आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग असल्यामुळे पूर्ण भूल द्यावी लागते आणि रक्तही बऱ्यापैकी येते. प्रत्यक्ष काम मात्र छोटे असते. चार मिलिमीटर व्यासाचे गोल पाते त्वचेवर टेकवून फिरवतात, सुटलेला तुकडा सुईने अलगद उचलून फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात आणि त्या जागी आपोआप विरघळणारा एखादा टाका घालतात. तुकडा कोठून घ्यायचा याला मोठे महत्त्व आहे. उघड्या जखमेच्या मधोमध घेतला तर त्यात वरचा पदरच नसतो आणि पॅथॉलॉजिस्टला पाहण्यासारखे काही उरत नाही. रंग नुकताच करडा पडू लागलेली कडा ही योग्य जागा. शिवाय तुकडा घेण्याआधी ती जागा स्पिरिटने घासायची नसते, कारण खपलीतही पुरावा असतो. तुमचे डॉक्टर नेहमी नाकाची बायोप्सी करत नसतील, तर हे मुद्दे त्यांच्याशी अदबीने बोलून घ्यावेत. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. परळ आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांसारख्या ठिकाणी विचारणा करण्याचाही मार्ग असतो.

अहवालात दाह नेमका त्या सीमारेषेवर असल्याचे, खालच्या पदरातील पेशी मरत असल्याचे आणि मेलॅनिन अंतस्त्वचेत सांडल्याचे लिहिले होते. करडा रंग आता कागदावर शब्दांत आला.

उपचारांत पहिले औषध म्हणून बंडूला टॅक्रोलिमसचे ०.१ टक्क्याचे मलम दिले गेले. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि अवयवरोपण झालेल्या रुग्णांसाठी ते आधी वापरात आले. त्वचेचे मलम नंतरचे. स्टिरॉइडच्या मलमाने कालांतराने त्वचा पातळ होते, तसे याने होत नाही, म्हणून दीर्घकाळच्या वापरासाठी ते पसंत करतात. ते दिवसातून दोनदा, हातमोजे घालून, मसुराच्या दाण्याएवढे लावायचे असते. माणसांसाठीच्या त्वचाविकारांत हेच मलम वापरतात, त्यामुळे ते औषधाच्या दुकानात मिळते, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे. फरक दिसायला आठवडे लागतात, आणि खरी कसरत ते नाकावर टिकवण्याची असते. कुत्र्याची जीभ सहज नाकापर्यंत पोहोचते, आणि काहीतरी लावले आहे म्हटल्यावर ती तेथे जाणारच. खायला देऊन लक्ष वळवावे तर खाल्ल्यानंतर तो हमखास नाक चाटतो. आम्हाला जमलेली पद्धत अशी, की जेवण आणि पाणी झाल्यानंतर मलम लावायचे, बंडूचे डोके मांडीवर धरायचे आणि दहाएक मिनिटे त्याची पाठ खरखरीत ब्रशने विंचरत राहायचे. विंचरणे थांबले की तो डोळा उघडून पाहतो आणि जीभ बाहेर येते, म्हणून विंचरणे थांबवायचे नाही. या सेवेमुळे आमच्या घरी सोफ्यावरचे केस कमी झाले, हा अनपेक्षित लाभ.

सुरुवातीच्या टप्प्यात मलमाच्या जोडीला डॉक्सिसायक्लिन आणि नायसिनामाइड ही जोडगोळी दिली होती. येथे डॉक्सिसायक्लिन जंतू मारण्यासाठी नसते. या दोन औषधांचा एकत्रित परिणाम दाह सौम्य करण्याकडे होतो, आणि तो कळायला दीड-दोन महिने जाऊ द्यावे लागतात. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. त्याचेच भावंड असलेले नायसिन दुकानदाराने पर्याय म्हणून दिले तर घेऊ नये, कारण त्याने अंगाची लाही होते. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम होते, म्हणून ती नेहमी अन्नाबरोबर द्यावी आणि वर पाणी पाजावे. गोळी पेढ्यात दडवण्याची आपल्याकडे रीत आहे, परंतु दुधातील कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवते, तेव्हा पेढा, दही आणि चीज या गोळीसाठी बाद समजावेत. बंडूची गोळी उकडलेल्या अंड्याच्या बलकात जाते आणि त्याला अजून तिचा पत्ता लागलेला नाही, किंवा लागला असूनही अंड्याखातर त्याने काणाडोळा केला आहे.

एवढ्यानेही भागले नाही तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सायक्लोस्पोरिन आणि अखेर तोंडाने घ्यायचे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असा चढता क्रम असतो. एका ऑक्टोबरात नाक पुन्हा सोलवटले तेव्हा बंडूला प्रेडनिसोलोन द्यावे लागले. त्या काळात कुत्रा बादलीभर पाणी पितो, रात्री-अपरात्री बाहेर जायचा तगादा लावतो, सतत धापा टाकतो आणि भुकेने बेभान होतो. ओट्यावर झाकून ठेवलेली कणीक त्याने झाकणासह खाली ओढली होती. हे दिसले म्हणून घाबरून औषध एकदम तोडायचे नसते. शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असते, ते पूर्ववत होण्यासाठी मात्रा हळूहळू उतरवावी लागते. त्याचबरोबर वेदनाशामक म्हणून घरातली माणसांची गोळी चुकूनही देऊ नये. स्टिरॉइडबरोबर तशा गोळ्या गेल्या तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना कोणती लस द्यायची आणि कोणती पुढे ढकलायची हेही डॉक्टरांना विचारून ठरवावे. जिवंत विषाणूंच्या लशी त्या काळात टाळतात. रेबीजची लस मृत विषाणूंची असते, त्यामुळे तिचा विचार स्वतंत्रपणे होतो आणि ती परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

आता उन्हाविषयी. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक मापनपट्टीवर ११ पासून पुढचा टप्पा ‘अतितीव्र’ मानला जातो. त्या महिन्यांत आम्ही बंडूला सूर्योदयापूर्वी टेकडीवर नेतो आणि संध्याकाळी दिवेलागण झाल्यावरच पुन्हा घराबाहेर काढतो. दिवसा लघवीसाठी जावे लागते ते इमारतीच्या पूर्वेकडील बाजूला, जेथे दुपारनंतर सावली असते. बाहेरचे हे सर्व तुलनेने सोपे आहे, कारण कडक उन्हात तोही बाहेर थांबू इच्छित नाही. खरा प्रश्न हिवाळ्यातील कोवळ्या उन्हाचा. डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास बैठकीच्या खोलीतील फरशीवर उन्हाचा चौकोन पडतो आणि बंडू त्याच्या मधोमध हनुवटी टेकून, नाक नेमके खिडकीकडे करून झोपतो. काचेतून अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे बहुतेक अडतात, पण ‘अ’ प्रकारचे बऱ्याच प्रमाणात आत येतात. म्हणून आम्ही खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावून घेतली. त्याचे ऊन हिरावून घेण्यापेक्षा ते गाळून देणे मला अधिक बरे वाटले, आणि आमच्या सासूबाईंनाही तेथे बसून भाजी निवडायची असते.

वर्षाचा हिशेब मांडला तर बंडूच्या नाकाचा आलेख आपल्या ऋतूंबरोबर चालतो. मार्चपासून लाली वाढते, मेअखेर सर्वांत वाईट अवस्था असते, मृगाचे ढग आले की महिनाभरात खपल्या पडतात, आणि श्रावणात नाकाचा बराचसा भाग पुन्हा काळा झालेला दिसतो. मग पाऊस ओसरतो, आकाश धुतल्यासारखे निरभ्र होते आणि ऑक्टोबरचे ऊन दुसरा तडाखा देते. हा क्रम कळल्यावर औषधाचेही नियोजन करता आले. फेब्रुवारीच्या शेवटीच मलम पुन्हा दिवसातून दोनदा सुरू होते, लाली दिसण्याची वाट पाहिली जात नाही. पावसाळ्यात ते आठवड्यातून दोनदा पुरते. ही मात्रा बंडूची आहे आणि डॉक्टरांनी ठरवलेली आहे. तुमच्या कुत्र्याचा आलेख वेगळा असेल, आणि तो काढायचा तर दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून नाकाचा फोटो घेऊन ठेवावा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना बदल कळत नाही. डॉक्टरांपुढे ‘थोडे बरे आहे, थोडे नाही’ असे पुटपुटण्यापेक्षा सहा फोटो शेजारी शेजारी ठेवले तर तपासणीची दहा मिनिटे सत्कारणी लागतात.

नाकाला सनस्क्रीन लावण्याचा विचार सर्वांच्या मनात येतो आणि येथे एक सापळा आहे. तान्ह्या मुलांसाठी सौम्य म्हणून जी सनस्क्रीन विकली जातात त्यांत बहुधा झिंक ऑक्साइड असते, आणि आपल्या घरोघरी असलेल्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्येही तेच असते. मुलांच्या त्वचेला ते निर्धोक असले तरी कुत्रा ते चाटतो, आणि पोटात वारंवार गेलेले जस्त त्याच्या तांबड्या पेशी फोडू शकते. सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या वर्गातील द्रव्ये) असलेली उत्पादनेही टाळावीत. खास कुत्र्यांसाठी बनवलेले आणि ही द्रव्ये नसलेले सनस्क्रीन मिळाले तर लावावे, पण त्याच्या भरवशावर दुपारी फिरायला नेऊ नये.

सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हळद-तेल, कोरफडीचा गर, लिंबू, गोमूत्र, कडुलिंबाचा पाला या सर्वांची शिफारस आम्हाला झाली आहे. खोबरेल तेल कोरड्या नाकाला मऊ करते आणि चाटल्याने थोड्या प्रमाणात अपायही करत नाही. पण प्रतिकारयंत्रणेच्या भांडणात त्याला मत नाही. लिंबू उघड्या जखमेवर लावणे हा निव्वळ छळ आहे. औषधाच्या दुकानात खाज-खरजेसाठी चिठ्ठीविना मिळणारी स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे तर या सगळ्यांहून घातक, कारण त्यांनी आठवडाभर बरे वाटते आणि निदान लांबते. प्लास्टिकच्या भांड्याऐवजी स्टीलचे भांडे वापरण्याचा सल्ला मात्र आम्ही मानला. प्लास्टिकमुळे ल्यूपस होतो असे नाही, परंतु काही कुत्र्यांच्या नाकाला आणि ओठांना त्याच्या स्पर्शाने त्रास होतो, आणि स्टीलचे पातेले बदलायला खर्च काय येतो? माशाच्या तेलातील ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू आहे. त्यांचा किती उपयोग होतो हे बंडूच्या एका नाकावरून ठरवता येणार नाही. त्याच्या अंगावरील केसांना चकाकी आली आहे एवढे निश्चित.

नाकावर व्रण असलेला कुत्रा घेऊन लिफ्टमध्ये शिरले की लोक मुलांना मागे ओढतात. वॉचमन काकांनी एकदा ‘खरूज असेल तर बागेत आणू नका, असं कमिटी म्हणतेय’ असा निरोप दिला होता. आजार संसर्गजन्य नाही, माणसाला नाही आणि दुसऱ्या कुत्र्यालाही नाही, असे डॉक्टरांकडून लिहून आणलेले पत्र मी सूचनाफलकावर लावले तेव्हा तो विषय मिटला. आमच्या मजल्यावरील एक काकू संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात. बंडूलाही कदाचित तीच गोळी लागेल हे ऐकल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि ‘म्हणजे तूही आमच्यातलाच का रे’ असे म्हणून त्याच्या कानामागे खाजवले. तेव्हापासून दुपारी त्यांचे दार उघडे असले तर बंडूची एक फेरी तेथे होते. त्यांच्या गॅलरीत ऊन येत नाही, हे मी आधीच पाहून घेतले आहे.

सध्या बंडूच्या नाकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काळा आहे. उजव्या नाकपुडीच्या कडेला जेथे खोल व्रण झाला होता, तेथे गुळगुळीत गुलाबी वण राहिला असून तेथील नक्षी परत येणार नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. दाहाने त्या जागेची मूळ रचनाच गेली आहे. त्या वणावर आम्ही विशेष लक्ष ठेवतो. दीर्घकाळ दाह राहिलेल्या नाकावर क्वचित स्क्वॅमस सेल हा त्वचेचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तेथे उंचवटा आला, औषध चालू असूनही न भरणारी जखम झाली किंवा वारंवार रक्त आले, तर दुसरी बायोप्सी करायची असे ठरलेले आहे. दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासली जाते.

पूर्वी आम्ही मे महिन्यात त्याला घेऊन रत्नागिरीकडे गावी जात असू. समुद्रकाठी ऊन वरून येते आणि वाळूवरून व पाण्यावरून परावर्तित होऊन खालूनही येते, त्यामुळे तो बेत आता बंद केला आहे. भाद्रपदात कोकणात आभाळ बहुधा भरलेले असते, म्हणून यंदा तो गणपतीला आमच्याबरोबर गाडीत येईल. मलम, हातमोजे आणि तो खरखरीत ब्रश यांची पिशवी वेगळी भरायची आहे.